ज्ञानदान आणि अभयदान : करमाळ्याच्या देवचंदांपासून आजच्या शाळेपर्यंत

श्रावकाच्या नित्य कर्तव्यांत दानाला मानाचे स्थान आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान हे दानाचे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैकी ज्ञानदानाचा वारसा आपल्या समाजाने मोठ्या निष्ठेने चालविला. गावोगावची बोर्डिंगे, पाठशाळा, गुरुकुले व शिष्यवृत्त्या ही त्याची साक्ष होय. अभयदान म्हटले की मात्र आपल्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने जीवदया येते. शाळेत जाणारे आपलेच मूल निर्भय आहे काय, हा प्रश्न त्या शब्दाशी आपण क्वचितच जोडतो. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या दोन दानांचा एकत्र विचार व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या विषयाचे एक मोठे पर्व आपल्या करमाळ्याच्याच एका सुपुत्राने घडविले आहे.

बोर्डिंगांचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर हे जैन समाजाच्या जागृतीचे केंद्र होते. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी 1884 मध्ये ‘जैन बोधक’ सुरू केले. 1899 मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ठिकठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात 1901 मध्ये दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढे कर्मवीर म्हणून कीर्ती पावलेले भाऊराव पाटील याच बोर्डिंगचे विद्यार्थी.

या बोर्डिंगांकडे केवळ राहण्या-जेवण्याची सोय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. 1896 पासून प्लेगने मुंबई इलाखा हादरला होता. प्रवास कष्टाचा, शहर अनोळखी, पैसा तुटपुंजा. अशा काळात दहा-बारा वर्षांचे मूल शिक्षणासाठी परगावी धाडणाऱ्या आईवडिलांना एकच आधार हवा असे : तेथे आपल्या मुलावर लक्ष ठेवणारे कोणी आहे. शिक्षण आणि सुरक्षितता ही जोडगोळी आजची नाही. बोर्डिंगांच्या पायातच ती होती.

करमाळ्याचे देवचंद

1891 साली करमाळ्यात देवचंद कस्तुरचंद शहा यांचा जन्म झाला. सोलापुरात त्यांना समवयस्क ध्येयवादी मित्र लाभले. त्यांत करकंबचे मोतीचंद शहा हे एक होते. मुलांनी मुलांसाठी चालवावयाची ‘जैन बालोत्तेजक समाज’ ही संस्था या तरुण मंडळींनी उभी केली. आज ज्याला आपण युवा नेतृत्व म्हणतो, त्याचे हे आपल्या जिल्ह्यातील आरंभीचे उदाहरण मानावयास हरकत नाही.

पुढे ही मंडळी जयपूरला पंडित अर्जुनलाल सेठी यांच्या वर्धमान विद्यालयाकडे ओढली गेली. सेठीजी पदवीधर, विद्वान आणि प्रखर देशभक्त होते. त्यांच्या विद्यालयात धर्मशिक्षणाबरोबर राष्ट्रभक्तीचे बाळकडू मिळत असे, आणि क्रांतिकार्याचे वारेही तेथे पोहोचले होते. 1913 मध्ये बिहारमधील निमेज येथे क्रांतिकार्यासाठी द्रव्य मिळविण्याच्या प्रयत्नात एका महंतांची हत्या झाली. त्या खटल्यात मोतीचंद शहा यांना 1915 मध्ये फाशी देण्यात आली. सेठीजींना दीर्घ काळ कारावास भोगावा लागला. त्यातील काही काळ त्यांनी मद्रास इलाख्यातील वेल्लोरच्या तुरुंगात काढला.

मोतीचंदांच्या देशप्रेमाला आणि त्यागाला आपण वंदनच केले पाहिजे. त्याच वेळी अहिंसाधर्मी समाज म्हणून या घटनेतील वेदनाही टाळता येत नाही. एका निःशस्त्र माणसाचा प्राण गेला आणि ऐन तारुण्यातील एक तेजस्वी मुलगा फासावर गेला. तारुण्यात धैर्य उपजतच असते. त्या धैर्याला कोणती वाट मिळते, यावर सारे अवलंबून असते. आणि ती वाट दाखविण्याचे उत्तरदायित्व वडीलधाऱ्यांकडे येते.

देवचंदांच्या मनात या काळात काय चालले असेल, ते त्यांच्या कृतीतूनच वाचावे. मित्राच्या फाशीनंतर तीन वर्षांनी, 1918 मध्ये, त्यांनी विदर्भातील कारंजा येथे श्री महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. स्वतः आजन्म ब्रह्मचारी राहून मुलांच्या घडणीला वाहून घेतले. तीच निष्ठा, तोच त्याग. मात्र आता त्याचे क्षेत्र होते विद्यार्थ्याचे जीवन.

गुरुकुलाची रीत

कारंजानंतर 1934 मध्ये कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगराच्या पायथ्याशी दुसरे मोठे गुरुकुल उभे राहिले. स्तवनिधी, खुरई, वेरूळ अशा ठिकाणी ही परंपरा विस्तारली. देवचंद पुढे दीक्षा घेऊन प. पू. श्री 108 समंतभद्र महाराज झाले. बाहुबली येथे 1963 मध्ये 28 फूट उंचीच्या भगवान बाहुबलींच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. 1988 मध्ये महाराजांचे महानिर्वाण झाले.

गुरुकुलाचे वैशिष्ट्य असे की, तेथे धार्मिक संस्कार आणि शालेय शिक्षण यांची फारकत केली गेली नाही. पहाटे उठणे, व्यायाम, देवदर्शन, अभ्यास, स्वतःची कामे स्वतः करणे हा दिनक्रम. मोठ्या मुलाने लहानाला सांभाळावयाचे. भाषण देणे म्हणजे नेतृत्व नव्हे. जबाबदारी अंगावर घेणे म्हणजे नेतृत्व, हा धडा फळ्यावर न लिहिता रोजच्या वागण्यातून मिळे. या गुरुकुलांत शिकलेल्यांपैकी अनेकजण पुढे त्याच संस्थांचे कार्यकर्ते झाले. एखाद्या संस्थेने नेतृत्व घडविले की नाही, याची याहून खरी कसोटी कोणती?

किल्लारीनंतर

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडविला. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने त्या वेळी भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्यातूनच वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. मुलांची जात वा धर्म विचारण्यात आला नाही. बोर्डिंगांची जुनी परंपरा येथे संपूर्ण समाजासाठी खुली झाली.

त्याच संघटनेने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातील 500 शाळांतून ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला. मुलांनी गटात बसून बोलावे, ऐकावे, निर्णय घ्यावा अशी त्याची रीत. किशोरवयीन मुलींसाठीच्या ‘स्मार्ट गर्ल’ कार्यशाळांत आत्मभान, संवाद, मासिक पाळीविषयी आरोग्य, आत्मसंरक्षण आणि निर्णयक्षमता हे विषय घेतले जातात, आणि पालकांनाही त्यात सामील करून घेतले जाते. मुलगी सुरक्षित राहावी म्हणून तिला घरात बसविणे हा उपाय नव्हे. तिला बोलते करणे आणि घराने तिचे ऐकणे, हा खरा उपाय, हे या कार्यशाळांचे सार म्हणता येईल.

आज आपण काय करावे?

2012 मध्ये बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा अमलात आला. अशा अपराधाची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळविणे या कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसण्याची मुभा कोणत्याही विश्वस्ताला अथवा मुख्याध्यापकाला नाही. महाराष्ट्र शासनाने 2022 मध्ये शाळांसाठी ‘सखी सावित्री’ समितीची तरतूद केली. संकटातील मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे.

कायदा भिंतीवर टांगून मूल निर्भय होत नाही. ‘बाई, मला भीती वाटते’ असे ते ज्याच्याजवळ म्हणू शकेल, असे एक तरी मोठे माणूस शाळेत, पाठशाळेत आणि घरात असावे लागते. या दृष्टीने आपल्यासारख्या ट्रस्टला सहज करता येण्याजोगी काही कामे सुचवावीशी वाटतात. पाठशाळेत येणाऱ्या प्रत्येक लहान मुलामागे एका मोठ्या विद्यार्थ्याची नेमणूक करावी. पर्युषण व महावीर जयंतीच्या कार्यक्रमांतील व्यवस्था, गर्दीचे नियोजन, प्रथमोपचार ही कामे मुलामुलींच्या हाती सोपवावीत आणि वडीलधाऱ्यांनी मागे उभे राहावे. वर्षातून एकदा पालक, शिक्षक व मुले यांनी एकत्र बसून सुरक्षिततेविषयी मोकळेपणी बोलावे. आणि ही दारे समाजाबाहेरील मुलांनाही उघडी असावीत.

करमाळ्याची ओळख श्री कमलाभवानीचे मंदिर आणि भुईकोट किल्ल्यासाठी आहे. देवचंदांची जन्मभूमी हीही आपल्या गावाची ओळख आहे, आणि ती जपण्यासाठी दगडी स्मारकाची गरज नाही. या गावातील एखादे मूल निर्भयपणे उभे राहून दुसऱ्या मुलाचा हात धरील, त्या दिवशी ज्ञानदान आणि अभयदान एकाच ठिकाणी घडलेले असेल.

जय जिनेंद्र!