मोंतोने : टेकडीवरचें गांव

रोममधून वाहणाऱ्या टायबर नदीच्या काठाकाठानें उत्तरेकडे गेलें, म्हणजे उंब्रिया प्रांतांत एका टेकडीवर मोंतोने हें लहानसें गांव लागतें. जुन्या तटाच्या आंत चढउताराच्या अरुंद गल्ल्या, एकमेकांस खेटून उभीं असलेलीं दगडी घरें, आणि खालीं पसरलेलें नदीचें खोरें. डोंगरी किल्ले पाहिलेल्या मराठी माणसास या जागेचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. जो वर बसला, तो खालची वाट राखतो.

या गांवाचें नांव इतिहासांत गाजविलें तें ब्राच्चो दा मोंतोने यानें. इ. स. १३६८ मध्यें जन्मलेला हा सरदार पगारी फौजेचा नायक होता. त्या काळीं इटलींतील राज्यें आपलीं युद्धें अशा भाडोत्री सेनानायकांकडून लढवीत. ब्राच्चोनें तलवारीच्या जोरावर १४१६ मध्यें पेरुजिया शहर स्वतःसाठींच जिंकलें, आणि १४२४ मध्यें आक्विला येथील लढाईंत जखमी होऊन तो मरण पावला.

त्यानंतर पांच शतकांनीं दुसरे शिपाई या खोऱ्यांत आले. सप्टेंबर १९४३ मध्यें इटलीनें दोस्त राष्ट्रांशीं शस्त्रसंधि केल्यावर जर्मन सैन्यानें तो देश व्यापला होता. १९४४ च्या उन्हाळ्यांत तें उत्तरेकडे हटत असतां एकेक टेकडी अडवून धरीत होतें. या टेकड्या घेण्यास निघालेल्या दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्यें पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. १० जुलै १९४४ रोजीं या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह चालून गेले. अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तुकडींतील बाकी सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे धांवले. हातबाँब फेंकून त्यांनीं मशीनगन बंद पाडली व एकास गोळी घातली. पुन्हां बंदूक भरण्यास उसंत नव्हती, म्हणून तिच्याच दस्त्यानें उरलेल्या दोघांस लोळविलें. तेथेंच शत्रूच्या गोळ्या लागून त्यांचा अंत झाला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचा हा तरुण अवघा २२ वर्षांचा होता.

ज्या सरकारचे ते शिपाई होते, तें त्यांच्याच देशास परकें होतें. दुसऱ्याच्या भूमीच्या मुक्ततेसाठीं ते पडले, आणि त्यांचा स्वतःचा देश तीन वर्षांनंतर स्वतंत्र झाला. इटलीच्या मोहिमेंत ५०,००० हून अधिक हिंदी सैनिक लढले. त्यांपैकीं ५,७८२ जण परत आले नाहींत. घाडगे यांची कबर नाहीं; कासिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव कोरलेलें आहे.

मोंतोने मात्र हें ऋण विसरलें नाहीं. जुलै २०२३ मध्यें तेथील नगरपालिकेनें व इटालियन युद्धेतिहासकारांनीं घाडगे यांच्या नांवें एक सूर्यघड्याळ उभारलें. 'आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों', अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यावर आहे. ब्राच्चोची आठवण ठेवण्यास गांवचे दगड समर्थ होते, कारण तो तेथलाच धनी. परंतु दूरदेशींहून आला आणि तेथून कांहीं न घेतां गेला, अशा शिपायाची आठवण माणसांनीं हेतुपूर्वक ठेवावी लागते.

इटलीस जाणाऱ्या मराठी प्रवाशांनीं रोम व फ्लॉरेन्स यांबरोबर हेंही गांव पाहावें. आपल्या माणसाचें नांव तेथें परक्यांनीं जपलें आहे.