न्यायमूर्ती तेलंगांचे भिन्नमत

काशिनाथ त्रिंबक तेलंग १८७२ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले, १८८४ मध्ये प्रांतिक कायदे कौन्सिलात गेले आणि १८८९ मध्ये न्यायमूर्ती झाले. त्यांची खरी ओळख मात्र एका भिन्नमतात सापडते. पिता आपल्या वडिलांशी वा बंधूंशी एकत्र असता, त्याच्या संमतीवाचून पुत्राला वाटणी मागता येते काय, असा प्रश्न आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी या खटल्यात उपस्थित झाला. बहुमत नकाराचे पडले. मिताक्षरा मूळ संस्कृतातून वाचणाऱ्या तेलंगांनी पुत्राचा हक्क मान्य केला. घरी मात्र हे धैर्य टिकले नाही. संमतिवयाच्या कायद्याचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने स्वतःच्या कन्येचा विवाह बालवयातच केला! १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाची ४३ वर्षे नुकतीच पुरी झाली असता, ते निवर्तले.