गोदाकाठची विरहगीते

नांदेडलगत विष्णुपुरी येथे उपसा सिंचनासाठी गोदावरी अडवण्यात आली आहे. याच नदीच्या वरच्या अंगाला असलेले प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी होती, आणि प्रेमाच्या दीर्घ आठवणींची या प्रदेशातील सर्वांत जुनी लिखित नोंद, ‘गाथासप्तशती’, त्याच राजवंशातील हाल राजाच्या नावाशी जोडली जाते. गाथा म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील स्वतंत्र, दोन ओळींचे पद्य. संग्रहाचे नाव सातशेंचे असले तरी त्याचे निरनिराळे पाठ मिळून वेबर या जर्मन अभ्यासकाला साडेनऊशेहून अधिक गाथा आढळल्या, आणि सर्व पाठांत समान अशा केवळ 430 निघाल्या. त्यामुळे हा एका हाताने लिहिलेला ग्रंथ नसून शतकानुशतके भर पडत गेलेला संग्रह आहे, असे मानणे भाग पडते.

या गाथांत प्रोषितभर्तृका, म्हणजे जिचा पती प्रवासाला गेला आहे अशी स्त्री, वारंवार भेटते. ‘तो आज गेला’ असे पुन्हा पुन्हा म्हणत ती भिंतीवर रेघा ओढते आणि पहिला अर्धा दिवस सरण्याआधीच भिंत भरते. या विरहामागे व्यापाराचे वास्तव होते. पहिल्या शतकातील एक ग्रीक दर्यावर्दी वृत्तांत पैठण आणि तगर (लातूरजवळचे तेर) येथून माल गाड्यांनी भडोच बंदराकडे जात असल्याचे सांगतो. पावसाळ्यात वाटा बंद पडत, म्हणून ढग दिसले की प्रवाशाने परतावे ही अपेक्षा. गाथेतील प्रेमाला परतीचा ऋतू ठाऊक असतो. तुलनेसाठी पाहिले तर क्यूबात एकोणिसाव्या शतकात घडलेल्या ‘बोलेरो’ या स्पॅनिश भाषेतील प्रेमगीत-प्रकारात मात्र बहुधा संपलेल्या प्रेमाची आठवण जपलेली असते, आणि तिथे वाट पाहण्याला मुदत नसते.

काही गाथांपुढे रेवा, माधवी अशी कवयित्रींची नावे असली तरी संग्रह दरबारी अभिरुचीतून गेलेला आहे, ही मर्यादा विसरता येत नाही. स्त्रियांचे स्वतःचे गाणे बाराव्या शतकात दिसू लागते. लातूरच्या सीमेपलीकडील कल्याणी येथून राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी पुढे गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या वाचल्या, तर त्यांत तळमळ दिसते, पण ती नवऱ्यापेक्षा आई, भाऊ आणि माहेर यांच्याभोवती अधिक घोटाळते. गाणारी बदलली की आठवण कोणाची, हेही बदलते, असे म्हणावे लागते.

पिठाच्या गिरण्या आल्यावर ओवीचे कामाशी असलेले नाते सुटले. घरापासूनचा दुरावा मात्र सुटला नाही, त्याचा आकार बदलला. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, म्हणून वाट पाहणारी पत्नी तिथे उरतच नाही. गावी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले, आणि त्यांच्या वाट पाहण्याचा संग्रह अजून कोणत्याही हालाच्या नावावर नाही.