व्हॉल्व्ह-रेडिओ : दोषनिदान व पुनरुज्जीवन

निर्वात काचनलिकांच्या, अर्थात व्हॉल्व्हच्या, योगे मध्यम व लघु लहरींवरील प्रक्षेपण ग्रहण करून ते श्राव्य करणारा हा संच विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून ट्रान्झिस्टरचा सर्वत्र प्रसार होईपर्यंत सुस्थित घरांच्या दिवाणखान्यात मानाचे स्थान राखून होता. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या बाबतीत त्याला संस्थानी इतिहासाचीही जोड आहे. हैदराबादेत १९३३ साली खाजगी रीतीने सुरू झालेले नभोवाणी केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारने आपल्या अमलाखाली घेतले. पुढे औरंगाबादेसही केंद्र निघाले. आणि स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानी मुलखांत जी पाच केंद्रे चालू होती, त्यांत म्हैसूर, त्रावणकोर, बडोदे व हैदराबाद यांच्या बरोबरीने या शहराची गणना होत असे. हैदराबाद संस्थानातील केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली.

या भागातील जुन्या घरांतून माळ्यावर पडून राहिलेले संच बहुधा मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही किंवा नॅशनल एको या छापांचे असतात. संचाचे वय ठरविण्यास त्यातील व्हॉल्व्ह हाच उत्तम पुरावा होय. ६के८, ६के७, ६क्यू७, ६व्ही६ ही आठ पायांची मालिका आढळल्यास संच साधारणतः १९५० च्या आगेमागचा; ईसीएच ४२, ईएल ४१ असल्यास त्या दशकाच्या पूर्वार्धातील; आणि ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असल्यास त्यानंतरचा समजावा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात १९६१ पासून व्हॉल्व्ह तयार होऊ लागल्याने उत्तरकालीन संचांत, तसेच दुरुस्तीनंतर जुन्या संचांतही, ‘बेल’ची मोहर दिसते. कागदोपत्री पुराव्यात टपाल कचेरीकडून मिळणारे परवान्याचे पुस्तक मोलाचे आहे. ही परवानापद्धती १९८० च्या दशकात संपुष्टात आली. परंतु शुल्काच्या नोंदी व शिक्के असलेले ते पुस्तक घरच्या दप्तरात सापडल्यास संचासोबतच जतन करावे, कारण त्या यंत्राचा तोच एकमेव लेखी इतिहास असतो.

अनेक वर्षे बंद असलेला संच ‘चालतो का ते पाहावे’ म्हणून सरळ विजेला जोडणे हा त्याच्या नाशाचा सर्वांत सामान्य मार्ग आहे, आणि तो टळावा एवढ्यासाठी तरी या विषयाचा विस्तार येथे करणे अगत्याचे वाटते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कागदी कंडेन्सरवरील मेण मऊ होऊन त्यास भेगा पडतात, पावसाळ्यात त्या भेगांतून दमट हवा आत शिरते, आणि विद्युत्‌रोधक म्हणून घातलेला कागद अंशतः वाहक बनतो. फिल्टरचे विद्युत्‌विच्छेद्य कंडेन्सर वापराअभावी आपले आंतरिक आवरण गमावतात, त्यामुळे ते एकाएकी पूर्ण दाब सोसू शकत नाहीत. म्हणून प्रथम ब्रशाने धूळ व झुरळांची घाण काढावी, उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलाव्यात, ट्रान्सफॉर्मरवरील दाबनिवडीची पट्टी तिच्या सर्वोच्च स्थानी, म्हणजे बहुधा २४० व्होल्टवर, सरकवावी, आणि मगच ६० किंवा १०० वॉटचा सिरीज बल्ब मध्ये घालून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जावे. प्रखर पेटून राहिला तर तत्काळ वीज तोडावी. संच बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्टपर्यंतचा भार साठून राहू शकतो. तो रेझिस्टन्समार्गे उतरविल्यावाचून आत हात घालू नये.

सर्व जुन्या भागांत एक कंडेन्सर असा आहे की, त्याच्या सचोटीवर अखेरचा व्हॉल्व्ह व आउटपुट ट्रान्सफॉर्मर या दोन महागड्या भागांचे आयुष्य अवलंबून असते. पहिल्या ध्वनिवर्धक व्हॉल्व्हचा अॅनोड आणि शेवटच्या व्हॉल्व्हचा ग्रिड यांना जोडणारा, बहुधा ०.०१ मायक्रोफॅराडचा, हा कपलिंग कंडेन्सर होय. त्यात १० मेगोह्म इतकीच गळती असली, अॅनोडवर ८४ व्होल्ट असले आणि ग्रिडचा रेझिस्टन्स अर्धा मेगोह्म असला, तर ग्रिडवर सुमारे ४ व्होल्टचा धन दाब येतो. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर ग्रिड सुमारे ७.३ व्होल्टने ऋण असणे आवश्यक असल्याने हा व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढू लागतो, तापतो, आवाज घोगरा होतो आणि काही काळाने ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे जळते. दुर्दैव असे की, साध्या मीटरच्या ओह्म पट्ट्यावर १० मेगोह्मची गळती जवळजवळ अदृश्यच राहते आणि कंडेन्सर ‘चांगला’ ठरतो. तेव्हा मीटरवर विसंबू नये. जुना कंडेन्सर तपासत न बसता त्याजागी ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर प्रथमच बसवावा.

उरलेल्या दोषांचे निदान संच स्वतःच बोलून दाखवितो. ऐकणाऱ्याजवळ धीर हवा. आवाज लहान-मोठा करण्याच्या बटणाने बदलत नाही असा अखंड घुमारा फिल्टरचे कंडेन्सर क्षीण झाल्याचे सांगतो. पूर्ण शांतता असून शेवटच्या व्हॉल्व्हमधील पडद्याची जाळी लालभडक होत असेल, तर अॅनोडला दाब पोहोचत नाही, म्हणजेच आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे प्राथमिक वेटोळे तुटले आहे, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. मिडियम वेव्हच्या वरच्या टोकाची केंद्रे लागतात पण खालच्या टोकाला सुई नेताच सर्व काही मुके होते, याचा अर्थ ईसीएच ८१ चा आंदोलक भाग थकला आहे. एकच बँड बंद असल्यास व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च करण्याआधी बँड-स्विचची काळवंडलेली टोके साफ करून पाहावीत.

व्हॉल्व्हच्या तंतूंची जोडणी समांतर किंवा एकामागोमाग अशी दोन प्रकारची असते, हा भेद न जाणणाऱ्याने एसी-डीसी संचास हात लावू नये. अशा संचात यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१ यांचे तंतू एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की सर्व विझतात. आणि ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे धातूचा सांगाडा थेट विजेच्या तारेशी संलग्न असतो. बटणाचा लहानसा स्क्रूदेखील तेथे प्राणघातक ठरू शकतो.

दुरुस्तीनंतर जुळवणी, आणि हा भाग खरोखर रसाचा आहे. मध्यवर्ती ४५५ किलोहर्ट्झची ट्रान्सफॉर्मरे सिग्नल जनरेटरने जुळवून झाली की डायलची सुई खऱ्या केंद्रांशी मेळविता येते. या शहरात त्यासाठी दोन सोयीचे साक्षीदार दीर्घकाळ उपलब्ध होते: खालच्या टोकाला नागपूर, ५८५ किलोहर्ट्झ, आणि वरच्या भागात परभणी, १३०५ किलोहर्ट्झ. खालच्या टोकाला पॅडर आणि वरच्या टोकाला ट्रिमर हे जुळवणीचे भाग फिरविण्याचा हा क्रम दोन-तीन वेळा आलटून पालटून करावा लागतो, कारण एक हलविला की दुसऱ्याचे थोडे बिघडते. पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ आपोआप जागेवर आले, तर जुळवणी उत्तम झाली. एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी अद्यापही समाधानकारक ठरते.

लाकडी पेटीविषयी एकच आग्रह धरावासा वाटतो: मूळ चपडी-लाखेचे फ्रेंच पॉलिश शक्य तेवढे राखावे, खरवडून त्यावर चकचकीत रंग चढवू नये. त्याच न्यायाने, काढलेले मूळ कंडेन्सर पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवावेत आणि बदललेल्या भागांचा तपशील तारखेनिशी लिहून ठेवावा.

मिडियम वेव्हची प्रक्षेपके अलीकडे ठिकठिकाणी बंद होत असल्याने अनेक जण संचाच्या मागील पिकअपच्या छिद्रांत मोबाइल जोडून जुनी गाणी ऐकतात. ट्रान्सफॉर्मरच्या संचावर हे निर्धास्तपणे करता येते. एसी-डीसी संचावर मात्र मध्ये विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर बसविल्याखेरीज ते कदापि करू नये.