चेहरा काढणारे आणि मधलं भरणारे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवी म्हणून बोलावलं की लोकांना वाटतं, आता हा कविता ऐकवणार. आज तसं काही नाही. आज मला बोलायचंय ते कार्टून सिनेमांबद्दल, म्हणजे ते सिनेमे हातानं काढणाऱ्या माणसांबद्दल. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, शब्दांत रमणारा माणूस. चित्रकलेत माझी मजल कधी घड्याळ आणि झेंड्यापलीकडे गेली नाही. तरी हा विषय माझ्या घरातला आहे. कसा, ते सांगतो.

माझे मामू सोलापुरात सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. शाळेला सुट्टी लागली की मी तिथं जाऊन बसायचो, ब्रश धुऊन द्यायचो, डब्यांत रंग ढवळायचो. वीस-वीस फूट कापड ताणलेलं असे. कामाची रीत ठरलेली. हिरो-हिरॉइनचा चेहरा उस्ताद काढणार. कपडे, हात, मागचं आभाळ, आगीचे लोळ हे सगळं शागिर्दांनी भरायचं. मामू म्हणायचे, "चेहरा आया तो पिक्चर आया, बाकी सब भरती है." मामूंनी उभी हयात ही भरती केली.

पुढं वाचनाचा नाद लागला, तेव्हा कळलं की सातासमुद्रापार हॉलिवूडमध्येही नेमकी हीच रीत होती. तिथल्या उस्तादाला म्हणत लीड अ‍ॅनिमेटर, नाहीतर सुपरवायझिंग अ‍ॅनिमेटर. आणि भरती करणाऱ्याला म्हणत 'इनबिट्वीनर', म्हणजे शब्दशः मधलं भरणारा. ते वाचलं आणि मला एकदम मामू आठवले.

आधी थोडं कामाबद्दल सांगतो. सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं सरकतात. हातानं काढलेल्या सिनेमात बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेमना वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. समजा, एखादं पात्र खुर्चीतून उठतंय. लीड अ‍ॅनिमेटर त्यातली मोक्याची चित्रं काढतो. बसलेला, पुढं वाकलेला, गुडघ्यावर भार दिलेला, उभा राहिलेला. यांना 'की' चित्रं म्हणतात. मधल्या जागा सहायक आणि इनबिट्वीनर भरतात. मग त्या कच्च्या पेन्सिल-चित्रांचं शूटिंग करून हालचाल तपासतात. पसंत पडली की रेषा स्वच्छ करत, पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनं गिरवत आणि पाठीमागून रंग भरत.

'अ‍ॅनिमेशन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'अ‍ॅनिमा' आहे, म्हणजे श्वास, प्राण. आपल्या मराठीत मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात, आमच्या घरच्या बोलीत 'तस्वीर में जान डालना' म्हणतात. अर्थ एकच. पण हा प्राण कोणी एकटा फुंकतो, की शंभर जण मिळून फुंकतात? माझ्या मते या कलेचा सगळा इतिहास म्हणजे या प्रश्नावरचं भांडण आहे.

एकटीनं फुंकणारी एक बाई होऊन गेली. जर्मनीतल्या लोटे रायनिगर. काळा कागद कात्रीनं कापून त्यांनी सांधे जोडलेल्या बाहुल्या केल्या, त्या काचेवर मांडून एकेक फ्रेम टिपली आणि १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं खपून 'प्रिन्स अहमदची साहसं' हा पूर्ण लांबीचा सिनेमा तयार केला. गोष्ट अरबी सुरस कथांमधली. मदतीला नवरा आणि मोजकी कलावंत मंडळी. आज टिकून राहिलेल्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी त्याही आधी, १९१५ साली, 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला होता. काड्यापेटीतल्या काड्या त्यांनी पडद्यावर चालवल्या होत्या.

पण कारखाना उभा केला तो वॉल्ट डिस्ने यांनी. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात 'स्नो व्हाइट आणि सात बुटके' पहिल्यांदा दाखवला गेला. ८३ मिनिटांचा सिनेमा, म्हणजे जवळजवळ एक लाख वीस हजार फ्रेम. शंभरावर हातांशिवाय हे होणं शक्य नव्हतं आणि इतके हात एका वळणाचे करायचे तर उस्ताद हवेत. या सिनेमाचे सुपरवायझिंग अ‍ॅनिमेटर चार होते : हॅमिल्टन लस्की, व्लादिमीर ऊर्फ बिल टिटला, फ्रेड मूर आणि नॉर्मन फर्ग्युसन.

यातले टिटला मला सर्वांत जवळचे वाटतात. आईवडील युक्रेनमधून अमेरिकेत आलेले, जन्म १९०४चा. पॅरिसला जाऊन त्यांनी शिल्पकलेचे धडे घेतले होते. म्हणून असेल, त्यांच्या चित्रांना वजन आहे. 'स्नो व्हाइट'मधला ग्रम्पी आठवा, तो कायम तिरसटलेला बुटका. स्नो व्हाइट त्याच्या टकलाचा मुका घेते. तो पाय आपटत चालू लागतो. चालता चालता पाऊल मंदावतं, चेहरा विरघळतो. मग भानावर येऊन तो पुन्हा कपाळाला आठ्या घालतो आणि धडपडतो. एक अक्षर न बोलता एका माणसाच्या मनातली उलथापालथ तुम्हाला दिसते. लीड अ‍ॅनिमेटर हा पेन्सिल घेतलेला नट असतो तो असा. स्वतःचा चेहरा लपवून त्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यातून रडावं-हसावं लागतं.

'फँटेसिया'मधला डोंगरमाथ्यावरचा तो अक्राळविक्राळ सैतान टिटलांचाच. तो सिनेमा १९४०चा. लगेच पुढच्या वर्षी 'डम्बो'साठी त्यांनी हत्तीचं पिल्लू काढलं. हत्तीच्या पिल्लासाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन बसले नाहीत. घरात दोन वर्षांचा मुलगा होता, पीटर. त्याच्या आंघोळीतला खोडकरपणा, आईला बिलगणं, हिरमुसणं हे सगळं त्यांनी डम्बोला दिलं. साखळदंडानं बांधलेली आई गजांतून सोंड बाहेर काढून पिल्लाला झुलवते, तो प्रसंग आठवून पाहा. त्यातला डम्बो टिटलांच्या हातचा आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू. हा 'डम्बो' तयार होत असतानाच स्टुडिओच्या फाटकासमोर माणसं फलक घेऊन उभी होती. २९ मे १९४१ रोजी डिस्ने स्टुडिओत संप सुरू झाला. तीनशेहून अधिक कामगार बाहेर पडले. उस्ताद आणि मधलं भरणारा यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक होता. बढती आणि बक्षिसी मालकाच्या मर्जीवर होती. पडद्यावर नाव मोजक्यांचं येई. संघटना करू पाहणाऱ्यांना काढून टाकलं जात होतं. अशा काढून टाकलेल्यांत आर्ट बॅबिट होते. 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी त्यांच्या हातची. ते स्वतः भरपूर पगार घेणारे अ‍ॅनिमेटर, पण मधलं भरणाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले.

बॅबिट आणि टिटला जुने मित्र, एके काळी एकाच घरात राहिलेले. टिटलांना स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं. पगार उत्तम होता आणि वॉल्ट डिस्नेंबद्दल मनात आदरही होता. तरी ते मित्राबरोबर संपात उतरले. काही आठवड्यांनी संप मिटला, युनियनला मान्यता मिळाली. पण स्टुडिओतली हवा पालटली होती. १९४३ साली टिटला तिथून बाहेर पडले. पुढं त्यांनी दुसरीकडे छोटी कार्टूनं केली, जाहिराती केल्या. ग्रम्पी आणि डम्बोच्या तोडीचं काम मात्र पुन्हा हाताला लागलं नाही. अखेरच्या वर्षी, १९६८ साली, त्यांनी डिस्ने स्टुडिओकडे पुन्हा काम मागितलं. असलेल्या माणसांपुरतंच काम आहे, अशा अर्थाचं उत्तर आलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते गेले.

एका हाताची अशी कथा. ज्या हातांना चेहऱ्यापर्यंत पोचूच दिलं नाही, त्यांची वेगळीच. त्या काळी डिस्ने स्टुडिओत बायकांना प्रामुख्यानं शाई-रंगाच्या खात्यात घेत. सेल्युलॉइडवर रेष गिरवायची आणि रंग भरायचा. रेष जराही थरथरली तर पडद्यावर दिसते, म्हणजे काम कमालीचं कौशल्याचं. पण ते भरतीचं. ही भिंत ओलांडून रेट्टा स्कॉट पुढं आल्या. १९४२च्या 'बँबी'मध्ये हरिणीच्या मागे लागणारी शिकारी कुत्र्यांची भेसूर झुंड त्यांनी काढली आणि त्या स्टुडिओच्या सिनेमात अ‍ॅनिमेटर म्हणून पडद्यावर नाव येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

हीच विद्या पुढं मुंबईत आली. १९५६ साली क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेचे अनुभवी अ‍ॅनिमेटर फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांनी १९५७ साली जातककथेवर 'द बनियन डिअर' हा रंगीत लघुपट केला. त्या तरुणांत राम मोहन होते. भारतीय अ‍ॅनिमेशनचे पितामह म्हणून पुढं त्यांचं नाव झालं. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते गेले. माझ्या पिढीनं दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' पाहिलेलं आहे. १९७४चा हा छोटा चित्रपट विजया मुळे यांचा, त्यातली चित्रं भीमसेन यांची. आम्ही ते गाणं तोंडपाठ म्हणायचो, पण ही नावं मला चाळिशीत कळली.

जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरचा अ‍ॅनिमेशनपट जानेवारी २०२५मध्ये आपल्या थिएटरांत नव्यानं लागला होता. मी मुलीला घेऊन गेलो. सिनेमा संपला, नावं सरकू लागली, माणसं उठली. मुलगी म्हणाली, "अब्बा, चला ना." मी म्हटलं, "थांब, अजून संपलेला नाही." जपानी आणि भारतीय नावं एकाखाली एक सरकत होती. बाहेर आल्यावर तिला मी मामूंची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

एकदा मोठ्या सिनेमाचं बॅनर शुक्रवारच्या आत हवं होतं आणि उस्तादांचा हात कापत होता. वय झालेलं, साखरेचा आजार. त्या रात्री हिरोचा चेहरा मामूंनी काढला. मी कंदील धरून उभा होतो, कारण वीज गेलेली होती. पहाटेपर्यंत चेहरा आला. डोळे असे की खालून जाणारा सायकलवाला मान वर करून बघत राहील. सकाळी उस्ताद आले. बराच वेळ बघत उभे राहिले. मग ब्रश घेऊन खालच्या कोपऱ्यात त्यांनी आपली सही केली. मामूंनी रंगाचे डबे झाकले आणि चहा सांगितला. मी त्यांना रागानं विचारलं, "तुम्ही काही बोलला का नाही?" तर म्हणाले, "बेटा, हाथ तो उन्हीच का सिखाया हुआ है."

या उत्तरानं माझं अजून समाधान झालेलं नाही. त्यात कृतज्ञता आहे, तशी हारही आहे. पण त्यात एक गोष्ट खरी आहे, ती म्हणजे शिकवण. डिस्नेच्या ज्या नऊ ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांचं नाव आज आदरानं घेतलं जातं, त्यांतले ऑली जॉन्स्टन 'स्नो व्हाइट'च्या वेळी फ्रेड मूर यांचे सहायक होते. म्हणजे भरती करता करताच ते चेहऱ्यापर्यंत पोचले. मधलं भरणं हीच शाळा होती. १९९५च्या 'टॉय स्टोरी'नंतर काम संगणकावर गेलं. आजही लीड अ‍ॅनिमेटर पात्राची चाल, नजर आणि स्वभाव ठरवतो, पण मधल्या कितीतरी हालचाली यंत्र भरून देतं. काम हलकं झालं, हे चांगलंच. पण भरती यंत्रानं केली, तर उद्याचा चेहरा काढणारा शिकणार कुठं, हा प्रश्न मला पडतो. कवितेतही आम्ही आधी दुसऱ्यांच्या ओळी वहीत उतरवून घेतच शिकलो.

सोलापुरात आता ते बॅनर राहिले नाहीत. फ्लेक्स आले आणि कारखाना बंद पडला. मामूही गेले. त्यांनी काढलेला तो एकमेव चेहरा आठवडाभर थिएटरवर होता. मग दुसरा सिनेमा लागला आणि रिवाजाप्रमाणे त्याच कापडावर चुना मारून नवं चित्र काढलं गेलं. त्या नव्या चित्राचं आभाळ मामूंनीच भरलं.

श्रोतेहो, पुढच्या वेळी मुलांना घेऊन असा सिनेमा बघायला गेलात, तर दिवे लागल्यावर दोन-तीन मिनिटं बसून राहा. सगळी नावं वाचून होणार नाहीत. एखादं तरी वाचा आणि घरी जाताना मुलांना सांगा.