कान ऐकतात की डोळे? ब्लाइंड टेस्टची गोष्ट

आजची गोष्ट एका महागड्या डब्यापासून सुरू होते. बोनस आला तेव्हा मी हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प घेतला. पहिलंच गाणं लावलं आणि वाटलं, तबल्याचा एकेक बोल आता सुटा ऐकू येतोय. लगेच मावसभावाला फोन करून सांगितलं, "तूही हाच घे." तो अजून कॉलेजात आहे, शिकवण्या घेऊन पैसे साठवतो.

रूममेट म्हणाला, "अरे, मग न बघता ओळखून दाखव." मी पाठ करून बसलो. त्याने दोन्हीकडचा आवाज सारखा केला, कारण किंचित मोठा आवाजही आपल्याला 'चांगला' वाटतो. मग कधी अ‍ॅम्प, कधी लॅपटॉपचा साधा जॅक. 16 वेळा विचारलं, माझी 9 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी सरासरी 8 आली असती. मी चिडून म्हणालो, "तुझी पद्धतच चुकीची आहे." आणि ही पद्धत आली कुठून, ते वाचायला बसलो.

सुरुवात करू अमेरिकेपासून. 1915 पासून एडिसनची कंपनी शहराशहरांत 'टोन टेस्ट' भरवायची. स्टेजवर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे घालवायचे आणि लोकांनी ओळखायचं, गातंय कोण? भरपूर लोक फसले. पण त्यात गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी पुढे सांगितलं की त्या आपला आवाज मशीनच्या आवाजाशी जुळवून घ्यायच्या! म्हणजे अंधार होता, पण चाचणी विकणाऱ्याच्याच हातात होती.

1950 मध्ये बेल लॅब्जच्या मन्सन आणि गार्डनर यांनी जास्त काटेकोर पद्धत मांडली. आधी 'ए' ऐका, मग 'बी' ऐका, मग 'एक्स' ऐकून सांगा की हा कोणता. पुढे मिशिगनमधल्या हौशी मंडळींनी यासाठी स्विचचा डबाच बनवला. त्यांच्यातल्या डेव्हिड क्लार्क यांनी 1982 मध्ये त्यावर पेपर लिहिला. या डब्यात 'एक्स' काय आहे हे ऐकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि चाचणी घेणाऱ्यालाही. हीच डबल ब्लाइंड टेस्ट.

पण मला खरा धक्का दिला तो फ्लॉइड टूल यांच्या कामाने. हे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षं स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवत होते. 1991 मध्ये ते हर्मन कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी कंपनीच्याच 40 कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर. 1994 मध्ये निकाल छापला. पडद्याआड छोट्या, स्वस्त सेटने मोठ्यांना चांगली टक्कर दिली होती. पडदा काढल्यावर त्याचे गुण घसरले आणि मोठ्या, देखण्या स्पीकरचे वाढले. स्पीकरची जागा बदलली की आवाज बदलतो. पडद्याआड लोकांना तो फरक कळत होता, डोळ्यांसमोर स्पीकर असताना मात्र फारसा जाणवेना.

तुम्ही म्हणाल, आवड तर ज्याची त्याची असते. मलाही तसंच वाटायचं. पण 2003 मध्ये ऑलिव्ह यांनी अडीचशेहून जास्त लोकांवरचे निकाल मांडले. त्यात तयार कानाचे होते आणि नवखेही. न बघता ऐकल्यावर स्पीकरचा क्रम बहुतेक सगळ्यांनी सारखाच लावला. म्हणजे आपण ज्याला 'माझी आवड' म्हणतो, त्यात किंमत, ब्रँड आणि दिसणंही मिसळलेलं असतं.

आता दुसरी बाजूही ऐका. ब्लाइंड टेस्टमध्ये फरक ओळखता आला नाही, म्हणजे फरक नाहीच असं सिद्ध होत नाही. त्या वेळी, त्या ऐकणाऱ्याला तो सापडला नाही, एवढंच. शिवाय माझ्या रूममेटला दर वेळी काय लावलंय ते माहीत होतं, म्हणजे आमची टेस्ट डबल ब्लाइंड नव्हतीच. पण हे सगळं मी हरल्यावर आठवलं. जिंकलो असतो तर ही शंका काढली असती का? नसती.

आणि हो, ब्लाइंड टेस्ट म्हणजे 'सगळं सारखंच' असंही नाही. स्पीकरमधले फरक पडद्याआडही स्पष्ट कळतात. पैसे मोजके असतील तर ते आधी तिथे घाला.

माझा अ‍ॅम्प अजून टेबलावर आहे. त्याचं बटण फिरवायला मला आवडतं, आणि त्यासाठी मला कुणाच्या टेस्टची गरज नाही. पण मावसभावाला मी परत फोन केला. तो म्हणाला, "दादा, तू तर म्हणाला होतास की तबला वेगळाच वाजतो!"

म्हटलं, "तबला तसाच वाजतो रे. मीच डब्याकडे बघत ऐकत होतो. तू पैसे राखून ठेव."

तुम्हीही यंदा काही घेणार असाल, तर एकदा पाठ करून ऐका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!