तापीचा पूर आणि पुराची वर्दी

आमच्या मुलखाच्या इतिहासांत लढायांस पानें पुष्कळ मिळतात, पुरांस मात्र ओळ-दोन ओळीच. आजचा नंदुरबार जिल्हा खानदेशांत मोडत असे, तेव्हांच्या सरकारी नोंदींत आढळतें कीं, 1822 सालीं तापीनें 65 गांवें समूळ धुऊन नेलीं व आणखी 50 गांवांचा कांहीं भाग वाहून गेला. पुढें 1872 सालीं पांझरा व गिरणा ह्या नद्या चढल्या, तेव्हां धुळें शहरांतील 500 घरें गेलीं.

तापीची खोड ध्यानांत घेण्याजोगी आहे. मुलताईपासून ती 724 किलोमीटर पश्चिमेकडे वाहते, आणि बंगालच्या उपसागरांतून उठलेलीं पावसाळी वादळेंही बहुधा त्याच दिशेनें सरकतात. पाऊस जणूं नदीच्या सोबतीनें चालतो. वरचें पाणी खालीं पोहोंचतें तों तेथेंही पाऊस सुरू असतो. उलट कधीं पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला-बुलढाण्याकडे, मुसळधार होते आणि येथें ऊन पडलें असतांही सारंगखेडा व प्रकाशा येथें पाणी चढतें. "आपल्याकडे तर थेंबही नाहीं" असें म्हणून स्वस्थ बसणारा मनुष्य तापीकांठीं फसतो.

ऑगस्ट 1968 च्या पुरांत खालीं सुरतेजवळ दर सेकंदास सुमारें 15 लाख घनफूट पाणी वाहिलें. त्यानंतर 1972 सालीं उकाईचें धरण उभें राहिलें, तरीही ऑगस्ट 2006 मध्यें सुरत बुडालीच. तेव्हां धरण आहे म्हणून वर्दीची गरज उरली नाहीं, असें आम्हांस वाटत नाहीं.

ती वर्दी वाचावी कशी? हतनूर धरणाचे 41 दरवाजे आहेत. त्यांतील किती उघडले व किती क्युसेक पाणी सोडलें, हें प्रथम पाहावें. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अदमासें 28 लिटर. हें पाणी आमच्याकडे येईपर्यंत कांहीं तास हातीं असतात. तेवढ्यांत नदीकांठचे पंप काढावे, गुरें सोडून उंचावर न्यावीं, धान्य व कागदपत्रें माळ्यावर ठेवावीं. नदीनें इशारा पातळी गांठली कीं तयारी पुरी व्हावयास हवी. धोका पातळीची वाट पाहूं नये. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी व लाल हे रंग मात्र आपल्या जिल्ह्यांतील पावसाविषयीं बोलतात, तापीच्या पाण्याविषयीं नव्हे. ही गफलत सुशिक्षितही करितात.

नवापुरच्या रंगावलीस हा हिशेब लागू नाहीं. ऑगस्ट 2018 मध्यें डोंगरांतील मुसळधार पावसानें ती पाहतां पाहतां शहरांत शिरली. अशा आंखूड नद्यांकांठीं लाल रंग हीच शेवटची वर्दी समजावी आणि अंधार पडण्यापूर्वींच घर सोडावें.

आणखी एक गोष्ट आम्हांस बोचते. वर्दी येते ती मराठींत, मोबाइलवर. पाड्यावरची म्हातारी बोलते भिली किंवा मावची, आणि तिच्याजवळ मोबाइल नसतो. तिच्या दारीं जाऊन तिच्या बोलींत "आज रात्रीं येथें निजूं नका" असें कोण सांगणार, त्याचें नांव प्रत्येक पाड्यानें ज्येष्ठांतच ठरवून ठेवावें. देवळाची घंटा त्या रात्रीं कोणीं वाजवावयाची, तेंही तेव्हांच.